समजले असे लिहून द्यावे

११ जानेवारी

चि. मिठू,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहायला उशीर झाला, माफ कर. उशीर म्हणजे दोन वर्षं. एवढ्या उशिराची माफी मागतात की नाही मला माहीत नाही, पण मागून ठेवतो. फोन करून बघितला होता. माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. कागदाचं तसं होत नाही. तो फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी तरी वाचतोच.

तू दर रविवारी आईशी बोलतेस. ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेते, हात कामात असतात म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवते आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडते. उभा जन्म मी पंप दुरुस्त केले. वाहत्या पाण्याआडून आत काय खडखडतंय ते ऐकायचं, हाच माझा धंदा होता. तर गेल्या रविवारी मी ऐकलं. तू म्हणालीस, "वकिलाने बाबांना विकत घेतलं." आई म्हणाली, "हळू बोल." म्हणजे तिलाही तसंच वाटतं.

म्हणून हे पत्र. त्या दिवशी काय झालं ते तू तुझ्या खुर्चीवरून पाहिलंस. आता माझ्या खुर्चीवरून ऐक. वाईट वाटलं तर वाटू दे. मलाही वाटतंच आहे.

मी त्या ज्ञानकोशाच्या ऑफिसात पंप दुरुस्त करायला गेलो होतो, हे तुला लहानपणापासून ऐकून पाठ आहे. तळघरात गुडघाभर पाणी, मी त्यात उभा, आणि वरून थोरले संपादक डोकावले. "तुमचं शिक्षण किती?" मी म्हटलं, "सहावी. सातवीला बसलोच नाही." "वा!" म्हणाले, जसा काही मी डॉक्टर असल्याचं सांगितलं. त्यांना असाच माणूस हवा होता. त्यांच्या कोशाचा नियमच तसा होता. समितीत सगळे विद्वान, आणि एक सदस्य असा की ज्याने सातवीचं तोंड पाहिलेलं नाही. प्रत्येक नोंद त्याला वाचून दाखवायची. मग कागद उलटा ठेवायचा आणि त्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. सांगता आली तर खाली "समजले" असं लिहून सही करायची. नाही आली तर नोंद लिहिणाऱ्याने घरी न्यावी आणि पुन्हा लिहावी. सहीशिवाय काही छापायचं नाही.

थोरले गेले, नियम राहिला. सगळं ऑफिस मला समजलेकाका म्हणतं. मोठमोठ्या पदव्यांची माणसं माझ्यामुळे नोंद काखोटीला मारून घरी जायची, तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू.

तू तिथे नोकरीला लागलीस ती तुझ्या हुशारीने. 'हिंदू धर्म' ही नोंद तुझ्या गळ्यात पडली ती मात्र समितीतल्या त्या दोघांमुळे. प्राध्यापक वकिलाला लिहू देईना, वकील प्राध्यापकाला. दोन बोके भांडले आणि लोण्याचा गोळा तुझ्या हातात आला. तोही कसला गोळा, निखाराच.

तू वाचलंस. मी चार परिच्छेद घडाघडा परत सांगितले. पाचवा आला. तो मला आज पाठ आहे: "या धर्मातील अंतर्भाव श्रद्धाधिष्ठित नसून प्रायः जन्माधिष्ठित आहे, त्यामुळे श्रद्धेच्या अभावी तो संपुष्टात येत नाही, तथापि समान अंतर्भावातून समान अधिकार निष्पन्न होत नाहीत."

मी "या धर्मातील" एवढं म्हटलं आणि तिथेच अडलो.

तू म्हणालीस, "बाबा, सावकाश सांगा." मी म्हटलं, "मला नाही कळलं." तेव्हा वकील म्हणाला, "लेकीचं बापाला कळेना, तर जगाला काय कळणार?" प्राध्यापक हसला. त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं ते त्या वाक्यावर.

तू माझ्याकडे बघितलंस ते मी अजून विसरलेलो नाही. पण मी काय करायला हवं होतं? मुलीची नोंद म्हणून खोटं लिहून द्यायचं? मग 'ऑक्सिजन'वाल्याला मी तीनदा घरी का पाठवला होता? इतर सगळे रडत का होईना, पुन्हा लिहून आणायचे. तू चार ओळींत "मी ही नोंद परत घेत आहे" असं लिहून दिलंस आणि गेलीस. ऑफिसातून गेलीस, मग घरातून, मग समुद्रापलीकडे. एका परिच्छेदासाठी.

आणि वकिलाने मला विकत घेतलं म्हणतेस? त्या दिवसापर्यंत त्याने मला अर्धा कप चहा पाजलेला नव्हता. विकत घेणाऱ्याने काहीतरी द्यावं लागतं ना?

तुझी नोंद माझ्याजवळ आहे. टंकलेखिकेने एक प्रत दिली होती. उशाशी वगैरे घेऊन झोपत नाही, उगाच समजू नकोस. टेबलावर असते, चष्म्याच्या डबीखाली, वाऱ्याने उडू नये म्हणून. अधूनमधून पाचवा परिच्छेद काढतो, शब्दकोश काढतो. एकेक शब्द कळतो. सगळे एकत्र आले की कळेनासे होतात, त्या समितीसारखे.

अक्षर वाकडं आलं असेल. थंडी आहे.

तुझा,
बाबा


२ फेब्रुवारी

चि. मिठू,

आशीर्वाद. उत्तर आलं नाही. टपाल उशिरा पोचत असेल असं मी आईला म्हटलं. ती म्हणाली, "हो, टपालच."

तू गेल्यावर काय झालं ते सांगतो, कारण ते तुला कोणी सांगितलं नसणार. काही झालं नाही. शेवटचा खंड आहे. हत्ती झाला, हळद झाली, हाड झालं आणि 'हिंदू धर्म'पाशी गाडी रुतली. मागे हिमनदी, हिरा, हृदय रांगेत उभे. ज्यांनी ते लिहिले त्यांतले दोघे वारले. हृदय लिहिणारे डॉक्टर हृदयानेच गेले. आणि हे दोघं अजून पहिल्या वाक्याचा कीस काढतायत.

बैठकीची खोली तशीच आहे. टेबलावरच्या काचेला तडा गेलाय, त्यावर चिकटपट्टी लावलीय. तड्याच्या एका बाजूला वकील बसतो, दुसऱ्या बाजूला प्राध्यापक. खाली दुकानात बाथरूमच्या फरशा विकतात, त्या कापायचं यंत्र सुरू झालं की वरचं काही ऐकू येत नाही. तेवढाच वेळ बरा जातो. आताचे मुख्य संपादक डोळे मिटून बसतात. झोपतात म्हणावं तर चहा आला की उघडतात.

परवा वकील घरी आला. फळांची टोपली घेऊन. बूट न काढता आत आला आणि माझ्याच खुर्चीवर बसला.

"समजलेकाका, साधं विचारतो. तुम्ही हिंदू आहात ना?"

"आहे."

"मग आपल्या धर्माबद्दल चार चांगले शब्द छापून आले तर तुमच्या पोटात दुखतं का?"

मी म्हटलं, "चांगल्या शब्दांना मी कधी नाही म्हटलं? हत्तीच्या नोंदीत किती चांगलं लिहिलंय. पण तो पिसाळला की माणसं तुडवतो, हेही लिहिलंय. हत्तीने काही तक्रार केली नाही."

"हत्ती आणि धर्म एक का?"

"कोशात सगळे एकच. ओळीने उभे राहायचं."

मग त्याने आवाज खाली घेतला, कोर्टात घेत असेल तसा. "मुळात हा धर्म नाहीच, काका. ही जीवनपद्धती आहे. पहिलंच वाक्य तसं हवं."

"मग ती नोंद 'ज'मध्ये जायला हवी होती. तो खंड केव्हाच छापून झाला."

त्याला ते विनोद वाटला नाही. मलाही वाटला नव्हता, मी खरंच सांगत होतो. जाताना म्हणाला, "पंपवाल्याच्या हातात सही दिली की असंच व्हायचं." आई पाणी घेऊन येत होती. तिने तांब्या तसाच परत नेला.

फळांना मी हात लावलेला नाही.

प्राध्यापकाने मात्र मला बोलावून घेतलं, त्याच्या कॉलेजातल्या खोलीत. भिंतभर पुस्तकं, खुर्चीवर पुस्तकं. मला बसायला जागा करताना त्याने एक ढीग इकडून तिकडे ठेवला, मग तिकडे बसायची जागा गेली, म्हणून परत इकडे. माणसाची विद्वत्ता तेवढ्यात कळली.

"काका, हिंदू धर्म अशी एक वस्तूच नाही. नदीच्या पलीकडच्या लोकांना बाहेरच्यांनी दिलेलं ते नाव आहे. पुढे त्या नावाखाली सगळं कोंबलं गेलं."

"म्हणजे नाहीच?"

"एकसंध असं काही नाही."

"मग माझी बायको सकाळी दिवा लावते तो कशासमोर?"

"ते आचरण झालं."

"आणि नाव बाहेरच्यांनी ठेवलं म्हणून नाही म्हणता? माझं नाव मी कुठे ठेवलं? आत्याने ठेवलं. म्हणून मी नाही का?"

तो खूश झाला. म्हणाला, "हे उदाहरण छान आहे, मी व्याख्यानात वापरेन." वापरलंही, असं टंकलेखिका सांगत होती. आत्या त्याने स्वतःची घातली.

हे तुझे विद्वान. एकाला सगळं सोन्याचं हवं, दुसऱ्याला काही नकोच. दोघांनाही आतल्या माणसांशी घेणंदेणं नाही. खिडकीतून वाकून एकमेकांवर थुंकतायत आणि थुंकी पडते ती खालून जाणाऱ्यांवर. तूही त्यांच्यातलीच, राग मानू नकोस. 'निष्पन्न' हा शब्द आपल्या घरात कोणी कधी बोललंय का? तो तू कुठून आणलास? त्यांच्याकडूनच. त्यांच्यासारखं बोललीस म्हणजे ते तुला त्यांच्यात घेतील असं तुला वाटलं. घेतलं का?

काल मी आईला विचारलं, "काय गं, हिंदू म्हणजे काय?"

ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही रिकामे बसलाय. ही भाजी निवडा."

निवडली.

तुझा,
बाबा


१९ फेब्रुवारी

चि. मिठू,

आईकडून तुझा निरोप पोचला. "त्यांना सांग, पत्रं पाठवू नका. मी त्या कोशाच्या नावाने आंघोळ केलीय."

बरं. पण पत्रं वाचलीस. दुसरंही वाचलंस. कारण त्याच फोनवर तू आईला विचारलंस, "फळं खरंच नाही खाल्ली त्यांनी?" आई म्हणाली, "दोन दिवस नाही. मग सडायला लागली तेव्हा मीच कापून दिली." तेव्हा तेही आता कबूल. सडक्या फळांनी कोणी विकत घेतला जात असेल तर मी गेलो.

आता बातमी ऐक. समेट झाला. टंकलेखिकेने दोघांना फरशांच्या दुकानाबाहेर एका बाकावर बसून एकाच बशीतली बिस्किटं खाताना पाहिलं. वकिलाने 'जगातील सर्वांत प्राचीन' सोडलं, प्राध्यापकाने 'असे काही नाही' सोडलं. आणि कोण आत, कोण बाहेर, कोणाला काय अधिकार, हा भाग तर कोणी मागायच्या आधीच दोघांनी टाकून दिला. वकिलाला त्याची लाज वाटते, प्राध्यापकाला ते पहिल्या वाक्याइतकं मोलाचं वाटत नाही. जे निघालं ते असं:

"हिंदू धर्म : एक प्राचीन परंपरा. तिला काही जण धर्म म्हणतात, काही जण जीवनपद्धती. तिचा कोणी एक संस्थापक नाही व कोणता एक ग्रंथ नाही. तिच्यात अनेक मते आहेत. तिचे अनुयायी अनेक देशांत आहेत. तिच्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत."

झालं. संपलं. हळदीला दोन पानं मिळाली आहेत, मिठू.

मी घरी येऊन ते पुन्हा वाचलं. मग 'हिंदू धर्म'च्या जागी 'लग्न' घालून वाचलं. दुसरा एकही शब्द बदलावा लागत नाही. आईला वाचून दाखवलं. 'अनुयायी अनेक देशांत आहेत'ला ती हसली, पण मला हसू येईना. कारण मला हे समजतं. सगळं समजतं. नियमाप्रमाणे मी परत सांगू शकलो की मला सही करावीच लागणार. तुझ्यात काहीतरी होतं, ते मला कळलं नाही म्हणून मी ते अडवलं. यात काही नाही, आणि हे मला कळतंय म्हणून मी हे सोडायचं. थोरल्यांनी नियम केला तेव्हा असा दिवस येईल हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. त्यांना वाटलं, विद्वान माणसं अवघड लिहून फसवतात. सोपं लिहूनही फसवतात हे त्यांना कोण सांगणार?

मुख्य संपादक म्हणाले, "काका, कळतंय ना? मग आता शुभस्य शीघ्रम्. मला हा खंड बघून डोळे मिटायचेत."

मी मनात म्हटलं, मिटलेलेच तर असतात.

वकील म्हणाला, "नाहीतर सोपं आहे. तो नियमच काढून टाकू. बहुमताने."

म्हणजे सही केली तर हे छापणार, नाही केली तरी हेच छापणार. वर माझी खुर्ची जाणार. त्या खुर्चीचं मला काही नाही. हो, आहे. दर बुधवारी जायला एक जागा आहे, कपडे इस्त्री करायला कारण आहे. पण ते जाऊ दे.

शेवटच्या खंडात, सगळ्या जगाने बघायच्या पानावर, तुझ्या नोंदीच्या जागी ही सहा वाक्यं जाणार, हे मला बघवत नाही. पुढच्या बुधवारी बैठक आहे. काय करू? तुझ्याइतकं मी शिकलेलो नाही. तू सांग. फोनवर नको तर आईजवळ सांग, मी नळाआडून ऐकेन.

तुझा,
बाबा


४ मार्च

चि. मिठू,

तू काही सांगितलं नाहीस. रविवारी आईशी हवामानावरच बोललीस. मुद्दाम मोठ्याने बोललीस, ते कळलं.

आता जे झालं ते नीट सांगतो, मधे थांबू नकोस. हे वाचल्यावर तुला एक गोष्ट करायची आहे.

बैठकीला सगळे होते. मुख्य संपादकांनी स्वतः सहा वाक्यं वाचली. कागद उलटा ठेवला. टंकलेखिका लिहायला बसली, कारण मी जे परत सांगतो ते टिपून ठेवायचं असा नियम आहे. वकील घड्याळ बघत होता.

मी सुरुवात केली. परंपरा जुनी आहे. कोणी धर्म म्हणतं, कोणी जगण्याची रीत. एक माणूस नाही ज्याने सुरू केली, एक पुस्तक नाही. मतं पुष्कळ आहेत. देशोदेशी लोक आहेत. मी सही करायचं ठरवून गेलो होतो, मिठू. हे तुला सांगून ठेवतो, उगाच मला मोठा करू नकोस. माझी हिंमत झालेली नव्हती.

पण मी थांबलो नाही. कसं झालं ते मला सांगता येणार नाही. खाली फरशीचं यंत्र चालू होतं, ते बंद पडलं, आणि एकदम शांत झालेल्या खोलीत माझाच आवाज मला ऐकू आला. मी म्हणत होतो:

"आणि या घरात यायला काही मानावं लागत नाही. जन्मलास की आत. पुढे नाही मानलंस तरी कोणी नाव कापत नाही, तू आतलाच. पण आतले सगळे एका खोलीत नाहीत. कोणी माजघरात जेवतो, कोणाला ओसरीवर बसवतात, कोणाला अंगणातच उभं करतात. विचारलं तर सांगतात, अरे, तूही घरचाच आहेस."

वकील म्हणाला, "हे कुठे आहे यात?"

मी कागद उलटून बघितला. नव्हतं. मी घाबरलो. खरंच घाबरलो. मला वाटलं, म्हातारपणी डोकं गेलं. रोज तुझी नोंद वाचून वाचून दोन्ही कागद माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळले होते. मी म्हटलं, "माफ करा, हे दुसरीकडचं आहे."

"दुसरीकडचं म्हणजे मुलीकडचं!" वकील उभाच राहिला. "हे पढवलेलं आहे. रोज फोनवर पढवत असेल ती."

मी म्हटलं, "वकीलसाहेब, माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही. कोणालाही विचारा."

टंकलेखिकेने पेन खाली ठेवलं, मग परत उचललं.

मग प्राध्यापकाने तोंड घातलं, कारण गप्प बसला तर त्याला झोप येत नाही. "ढोबळ आहे. ओसरी-बिसरी काढायला हवी. पण चुकीचं म्हणता येणार नाही."

"तुम्ही शब्द दिला होतात!" वकील म्हणाला.

"शब्द सहा वाक्यांसाठी होता."

"बाकावर बसून माझी बिस्किटं खाल्लीत तेव्हा..."

"बिस्किटं माझी होती."

झाला समेट. दोन वर्षांनी जमलेलं लग्न बिस्किटावरून मोडलं. दोघंही एकमेकांना म्हणत होते की तुम्हीच या म्हाताऱ्याला पढवलंत. मला दोघांचीही किळस आली. इतकी पुस्तकं वाचून माणूस जर असा होत असेल तर सहावीत थांबलो ते बरं झालं, असंही क्षणभर वाटलं. मग तू आठवलीस आणि तसं वाटायचं थांबलं.

तेव्हा मुख्य संपादकांनी डोळे उघडले. न्यायबुद्धी वगैरे जागी झाली असं समजू नकोस. छापखान्याने महिनाअखेरची मुदत दिलीय आणि त्यांना हे आणखी दोन वर्षं ऐकायचं नाही. त्यांनी टंकलेखिकेला कपाटातून तुझी नोंद काढायला लावली. पाचवा परिच्छेद वाचला. मग मी सांगितलेलं वाचायला लावलं. मग म्हणाले, "नियम असा आहे की नोंद परत सांगता आली म्हणजे समजली. चार परिच्छेद त्यांनी त्या वेळी सांगितलेच होते. पाचवा आज सांगितला. ही नोंद समजलेली आहे. सही करा."

वकील म्हणाला, "पण लेखिकेने ती परत घेतलीय. लेखी. तिच्या परवानगीशिवाय छापता येत नाही." कायदा त्याला येतो, हे मान्य करायला हवं.

"मग तिची परवानगी मागवू. महिनाअखेरपर्यंत आली तर ही छापू. नाही आली तर सहा वाक्यं."

वकील हसला आणि खाली बसला. म्हणाला, "चालेल. बापाला उत्तर देत नाही ती आपल्याला काय देणार?" आणि आपला चहा पिऊ लागला. तुझ्या न लिहिण्यावर त्याचा इतका भरवसा आहे.

मी तुझ्या नोंदीखाली "समजले" असं लिहून सही केली. पण ते मला कधी समजलं, हे मला माहीत नाही. तुला समोर बसवून सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावरून कळलं असतं की बरोबर सांगतोय की नाही. तिथे मला ते सांगणारं कोणी नव्हतं. प्राध्यापक 'ढोबळ' म्हणाला, त्याच्या म्हणण्याला मी किंमत देत नाही. तुझ्या मनात तेच होतं का? की मी तुझ्या शब्दांत माझंच काहीतरी घातलं? तसं असेल तर माझी सही खोटी आहे आणि तू ती खोडायला सांगू शकतेस.

मला लिहू नकोस, नको असेल तर. ऑफिसला लिही. "छापा" एवढं पुरे. "छापू नका" लिहिलंस तरी मी तोंड वाकडं करणार नाही. वकिलाला होईल तो आनंद मात्र मला बघावा लागेल. टंकलेखिकेला मी सांगून ठेवलंय की तिकडून काही आलं की आधी मला दाखव, मग फाईलला लाव. आणि कागदावर जागा उरली तर खाली एवढंच लिही, बाप बरोबर बोलला की चुकला. महिनाअखेरची वाट बघू नकोस, टपालाचा भरवसा नाही. हे वाचून होईल तेव्हा उभ्या उभ्याच लिही.

बाबा